इमान, मूठ आणि जरह

पाचवीच्या वर्गावर मराठीचा तास होता. पाळीव प्राण्यांवर वाक्ये घ्यायची होती, म्हणून आम्ही फळ्यावर लिहिले : ‘कुत्रा इमानी प्राणी आहे.’ मुलांनी वाक्य उतरवून घेतले. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक हात वर आला. “सर, कुत्ता इमान कैसा लाया?” सारा वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि तास पुढे रेटला. पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

मुलाचे चुकले नव्हते. त्याच्या घरात, मोहल्ल्यात आणि मशिदीत इमान म्हणजे श्रद्धा. ते ‘आणले’ जाते, ‘ठेवले’ जाते आणि मरताना सलामत राहावे म्हणून दुआ मागितली जाते. मराठीत तोच शब्द मालकाच्या दाराशी येऊन बसला. इमानी नोकर, इमानदार माणूस, इमानेइतबारे केलेली चाकरी. शब्द एकच, पण उर्दूत तो माणूस आणि अल्लाह यांच्यामधला आणि मराठीत माणसामाणसांतला. उर्दू माध्यमातले मूल मराठी शिकते तेव्हा त्याला रोज अशा दोन घरांमधून ये-जा करावी लागते. बी.एड.च्या वर्षी भाषाध्यापनाच्या पद्धती आम्हाला पुष्कळ शिकवल्या, पण या ये-जा करण्याला काय म्हणावे हे कुणी सांगितले नाही.

त्याच आठवड्यात आमचे एक सहकारी निकालाची प्रत घेऊन आले. त्यांच्या घरच्या जागेचा वाद बरीच वर्षे चालला आहे. प्रतीत एक इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा येत होता. आम्ही तो मोठ्याने वाचला, ‘इंपग्न्ड ऑर्डर’. ते घाबरून म्हणाले, “म्हणजे आपला हुकूम रद्द झाला का?” रद्द झालेला नव्हता. ज्या हुकमाला आव्हान दिले आहे, ज्यावर वाद चालू आहे, तो हुकूम, एवढाच त्याचा अर्थ. घरी येऊन शब्दकोश काढला तेव्हा कळले की आम्ही उच्चारही चुकीचा केला होता. इंग्रज त्या शब्दाला ‘इंप्यून’ म्हणतात. त्यातला ‘ग’ लिहायचा, बोलायचा नाही.

हा न बोललेला ‘ग’ आम्हाला फार आवडला, कारण शब्दाचे सगळे मूळ त्याच्यात आहे. लॅटिन भाषेत ‘पुग्नुस’ म्हणजे मूठ, वळलेली मूठ. त्यावरून ‘पुग्नारे’, म्हणजे लढणे. ‘इंपुग्नारे’ म्हणजे चालून जाणे, हल्ला करणे. फ्रेंचमधून हे क्रियापद चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत आले. मुष्टियोद्ध्यासाठी असलेला ‘प्युजिलिस्ट’ हा शब्द त्याचा सख्खा भाऊ, भांडखोर माणसासाठीचा ‘पग्नेशस’ हा दुसरा. या भावांत ‘ग’ किंवा ‘ज’ अजून ऐकू येतो. इंप्यूनमध्ये मात्र मूठ बाहीत गेली. आज त्या क्रियापदाचा अर्थ कोणाच्या सचोटीवर, हेतूवर किंवा सांगण्यावर प्रश्नचिन्ह लावणे असा होतो. हाताचा ठोसा शब्दाचा ठोसा झाला, पण एक गोष्ट टिकली. मूठ उगारायची तर समोर कोणीतरी उभे लागते, आणि उगारणाराही त्याला दिसतो.

इंग्रजीत या गावची आणखी वस्ती आहे. न्यायाधीशाला किंवा मोठ्या अधिकाऱ्याला पदावरून काढण्यासाठी ‘इंपीच’ वापरतात. वॉरन हेस्टिंग्जवर तसा खटला १७८८ पासून १७९५ पर्यंत चालला आणि शेवटी तो सुटला. त्या शब्दाच्या मुळाशी पायात अडकवलेली बेडी आहे. म्हणजे एक शब्द मुठीचा, दुसरा पायाचा. तिसरा ‘अ‍ॅस्पर्शन’. त्याचा मूळ अर्थ पाण्याचे थेंब शिंपडणे. चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडतात त्यालाही त्याच कुळातला शब्द आहे. आणि आमची मराठी काय म्हणते? शिंतोडे उडवणे! इंग्रजांनी मराठीकडून घेतला नाही, मराठीने इंग्रजांकडून घेतला असेही दिसत नाही. चिखल सगळीकडे सारखाच उडत असावा.

मराठीला या बाबतीत शब्दांची ददात नाही. आळ, बालंट, किटाळ, कुभांड, बट्टा. अरबीतून आलेला वहीम आहे आणि जुन्या मराठीतली तोहमतही आहे. ही दोन्ही एकाच धातूची लेकरे. ‘वह्म’ म्हणजे भास, मनाचा खेळ. ज्या भाषेने आरोपासाठी भासाच्या धातूतून शब्द काढला, त्या भाषेच्या लोकांना माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक असणार. पण वर्तमानपत्रात आणि समीक्षेत आज जो शब्द चालतो तो ‘हेत्वारोप’. अमुक माणूस काय म्हणाला ते बाजूला ठेवून तो कशासाठी म्हणाला हे आपणच ठरवायचे आणि त्याच्या माथी मारायचे. संसदीय कामकाजात हेत्वारोप करायला मनाई आहे. साहित्यात ती नाही.

आमच्या मते मुस्लिम मराठी साहित्यावरची बरीचशी समीक्षा या एका शब्दात मावते. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. फ. म. शहाजिंदे अध्यक्ष होते. प्रा. फक्रुद्दीन बेन्नूर यांच्यासारखी माणसे त्यामागे उभी होती. तेव्हा सवाल आला, वेगळी चूल कशाला? हा सवाल वाईट नव्हे. त्यावर बोलता येते, भांडताही येते. पण त्याच्या पोटात दुसरा सवाल होता आणि तो तोंडाने कोणी विचारत नव्हते : यांच्या मनात नेमके काय आहे? पहिल्या सवालाला उत्तर देता येते. दुसऱ्याला काय देणार? मन उघडून टेबलावर ठेवता येत नाही. बेन्नूर सर २०१८ साली गेले. दुसरा सवाल अजून हयात आहे.

आणि तो एकाच बाजूने येतो असे आम्ही म्हणणार नाही. आपल्याच वस्तीत, आपल्याच माणसांच्या तोंडून तो आम्ही ऐकला आहे. मराठीत का लिहिता? कोणाला खूश करायला? उर्दूत लिहिणाऱ्याला हे कोणी विचारत नाही. हमीद दलवाईंचे उदाहरण घ्या. त्यांचे सगळे विचार आम्हाला पटतात असे नाही. काही मुळीच पटत नाहीत, आणि ते आम्ही पूर्वीही बोललो आहोत. पण ‘इंधन’ ही कादंबरी आहे. बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेला माणूस आणि त्याच्या डोळ्यांसमोर पेटत जाणारे गाव. तिच्यातला निवेदक विश्वसनीय आहे का, तो स्वतःला किती वाचवतो, गावातल्या बायका त्याला दिसतात की नुसत्या ऐकू येतात, असे कितीतरी प्रश्न विचारता येतील. आपल्याकडे मात्र दोनच परीक्षणे ऐकू येतात. एक म्हणते, हा माणूस विकला गेला. दुसरे म्हणते, काय धाडस! पहिले हेतूवर थुंकते, दुसरे हेतूला हार घालते. कादंबरी दोघांच्या टेबलावर न उघडता पडलेली असते.

ही हार घालण्याची गोष्टही सरळ नाही. आमच्या शहरात चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात या चौघांना फाशी दिली. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवायचा. कोवळ्या वयाचा होता. आम्ही मुलांना घेऊन जातो, फुले वाहतो. दरवर्षी कोणीतरी वक्ता चौघांना वंदन करतो आणि तिघांबद्दल जे बोलत नाही ते चौथ्याबद्दल बोलतो : ‘मुसलमान असूनही’. बोलणाऱ्याच्या मनात प्रेमच असते, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण ‘असूनही’ या शब्दाने बाकी सगळ्यांच्या नावापुढे एक रकाना रिकामा सोडलेला असतो. बार्शीच्या अमर शेखांचेही हेच होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या डफावर लाखोंच्या सभा उभ्या राहिल्या, त्यांच्या कवितेवर बोलायचे सोडून त्यांचे नाव प्रमाणपत्रासारखे फिरवले जाते. आपणही फिरवतो. कोणी बोट दाखवले की आपण खिशातून अमर शेख काढतो. ‘कलश’ मात्र आपण वाचलेला नसतो.

आता ‘इमान’ शब्दाकडे पुन्हा येऊ. अरबीत त्याचा धातू अ-म-न, म्हणजे निर्धास्तपणा, भरवसा. अमन, अमान, अमानत, अमीन ही सगळी त्याच घरची. मराठीने यातली ‘अमानत’ घेतली, तिच्या अक्षरांची अदलाबदल केली आणि ‘अनामत’ केली. निवडणुकीत उमेदवाराची जप्त होते ती हीच अनामत रक्कम. मुलांना हे सांगितले तेव्हा त्यांना कुत्र्याच्या इमानापेक्षा जास्त गंमत वाटली. याउलट ‘प्रामाणिक’ हा शब्द प्रमाणावरून आला. त्यात माप आहे, पुरावा आहे. कोणी आम्हाला अप्रामाणिक म्हटले तर आम्ही विचारू शकतो, कशावरून? पण बेइमान म्हटले की मराठी बोलणारा म्हणतो एक आणि आम्हाला ऐकू येतात दोन. त्याला म्हणायचे असते की तुम्ही शब्द पाळला नाही. आमच्या कानाला मात्र कोणीतरी कलम्यालाच हात घातल्यासारखे वाटते. मग उत्तर राहते बाजूला, आम्ही एकदम कसमा खायला लागतो. आमच्या साहित्यातला बराच कडवटपणा आणि बरीचशी सफाई देण्याची सवय या दोन अर्थांच्या फटीतून आलेली आहे, असे आम्हाला वाटते.

आणि गंमत अशी की माणसाच्या सचोटीवर प्रश्न कसा विचारावा याचे सगळ्यात तपशीलवार शास्त्र आमच्याच घरात आहे. हदीस सांगणाऱ्या रावींची पारख करण्यासाठी उलमांनी जे शास्त्र उभारले, त्याचे नाव ‘जरह व तादील’. जरह म्हणजे जखम. जुन्या बाजारात जखमा बांधणारा, फोड कापणारा जर्राह असायचा, तो याच शब्दाचा. उर्दूत कोर्टातल्या उलटतपासणीला जिरह म्हणतात, तीही हीच. लॅटिनवाल्यांनी मूठ पाहिली, अरबांनी मुठीने झालेली जखम पाहिली. आणि जखम करायची तर कापणाऱ्याला शरीर ठाऊक हवे, म्हणून त्यांनी नियम केले.

रावी नेक आहे का, हा एक प्रश्न. त्याला नीट लक्षात राहते का, हा दुसरा. माणूस पुण्यवान असेल, पण विसराळू असेल तर त्याची रिवायत कमजोर. आणि विसराळू म्हटले म्हणून तो खोटारडा ठरत नाही. आमच्या समीक्षेत हे दोन प्रश्न किती वेळा वेगळे केले जातात? कथा फसली की लेखकाची नियत खराब ठरते. पुढे, ज्याची सचोटी मान्य आहे त्याच्यावर कोणी बोट ठेवले तर कारण सांगावे लागते. कारणाशिवायची जरह बहुतेकांनी मानली नाही. तिसरी गोष्ट तर आपल्या साहित्यसंस्थांच्या दारावर लावावी अशी आहे. एकाच काळातल्या, एकाच क्षेत्रातल्या दोघांचे एकमेकांवरचे ताशेरे जपून घ्यावेत, कारण तिथे चुरस असते. इमाम मालिक आणि इब्न इसहाक दोघेही मदिनेचे, समकालीन. इमाम मालिक इब्न इसहाकबद्दल फार कडक बोलले. नंतरच्या उलमांनी इमाम मालिकांची इज्जत तिळभर कमी केली नाही, पण त्या बोलण्याला दोन समकालीनांचे भांडण म्हणून बाजूला ठेवले. इब्न इसहाकने लिहिलेली सीरत इब्न हिशामच्या हातून आजवर टिकली. तेव्हा फक्त रागावर निकाल लागला असता, तर आज आपल्या हाती काय राहिले असते?

इमाम बुखारी तर टीका करताना इतके सौम्य बोलायचे की नवख्याला ती स्तुती वाटावी. ‘याच्याबाबत पाहावे लागेल’ अशा धाटणीचे त्यांचे शब्द असत, आणि जाणकार त्यातून समजत की या माणसाचे काही खरे नाही. शिक्षकांना हे लगेच समजेल. आम्हीही प्रगतिपुस्तकात ‘सुधारणेस वाव आहे’ असेच लिहितो.

हे सगळे केवळ पुस्तकी नाही, याची आमच्या महाराष्ट्रातच एक मोठी नोंद आहे. १९७२ साली त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका कोवळ्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. तिचे नाव बऱ्याच जणांना ठाऊक आहे. आम्ही ते इथे लिहीत नाही. सत्र न्यायालयाने तिला खोटारडी ठरवून आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा रद्द केली. घटनेइतकीच चर्चा तिच्या चालचलणुकीची झाली. १८७२ च्या साक्षीपुराव्याच्या कायद्यात तसे कलमच होते : अशा खटल्यात स्त्रीचे चारित्र्य वाईट आहे असे दाखवून तिच्या साक्षीची पत घालवता येत असे. ते कलम २००२ च्या दुरुस्तीने गेले. मूळ कायदाही आता राहिला नाही, जुलै २०२४ पासून त्याच्या जागी नवा आला. सवा शतकाहून जास्त काळ कायद्याच्या पुस्तकात बाईच्या अब्रूवर मूठ उगारण्याची रीतसर परवानगी होती. सूरह नूरमध्ये पाकदामन स्त्रीवर आळ घेणाऱ्याकडे चार साक्षीदार मागितले आहेत. आणता आले नाहीत तर ऐंशी फटके, आणि पुढे त्याचीच साक्ष कायमची बाद. म्हणजे पत जाते ती आळ घेणाऱ्याची. आपल्या मोहल्ल्यांत हे किती पाळले जाते, ते आपण सगळे जाणतो. आम्ही त्यावर इथे जास्त बोलत नाही.

पण याच खटल्यात दुसरी मूठही दिसली. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी देशाच्या सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. निकालातली विधाने घेतली, त्यातली संमतीची कल्पना घेतली आणि तपासली. खाली स्वतःची नावे लिहिली. त्या पत्रातून चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आमच्या सहकाऱ्यांच्या प्रतीतला तो शब्द इथे पूर्ण अर्थाने लागू होतो. आव्हान दिलेला निकाल. मूठ निकालावर होती, समोरून होती आणि उगारणाऱ्यांचे चेहरे दिसत होते. त्या मुलीवरची मूठ मात्र बाहीत होती. ती पुराव्यासारखी आली, भाषा थंड होती आणि कोणाचाच हात दिसत नव्हता.

हे लिहिण्याचे खरे कारण आता सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका अंकात एका तरुण कवयित्रीच्या पहिल्या संग्रहाचे परीक्षण केले होते. ती आपल्यापैकीच, विडी कामगारांच्या वस्तीत वाढलेली. आम्ही लिहिले की या कविता पुरस्कार समित्यांकडे डोळा ठेवून लिहिल्या आहेत. वाक्य आम्हाला फार झणझणीत वाटले होते. मित्रांनी फोन करून दाद दिली. महिन्याभराने तिचे पोस्टकार्ड आले. त्यात सलाम आणि एकच प्रश्न : ‘सर, कोणत्या ओळीवरून?’ आम्ही संग्रह पुन्हा काढला. ओळ शोधली. मिळाली नाही. तिने कोणत्या पुरस्कारासाठी पुस्तक पाठवले होते की नाही, हेही आम्हाला ठाऊक नव्हते. आम्हाला फक्त वहीम आला होता आणि आम्ही तो छापून मोकळे झालो होतो. पोस्टकार्डाला उत्तर दिले नाही. नंतर तिच्या कविता कुठे दिसल्या नाहीत. आमच्यामुळे, असे म्हणण्याचा मोठेपणा आम्ही घेत नाही. पण ते कार्ड अजून आमच्या कपाटात आहे.

त्या परीक्षणातले पुरस्काराचे वाक्य आम्ही मागे घेत आहोत. संग्रहाच्या शेवटच्या भागाबद्दल मात्र आमचा आक्षेप आहे, आणि तो तेव्हाच लिहायला हवा होता. तेंदूची पाने भिजवणारी, कात्रीने कापणारी, रात्री दोऱ्याचे टोक दातात धरणारी बाई पहिल्या भागात तिच्या स्वतःच्या बोलीत बोलते, सोलापूरच्या दखनीमिश्रित मराठीत. त्या कविता उत्तम आहेत. शेवटच्या भागात तीच बाई एकदम चिलमन, शब-ए-तनहाई, साकी असे बोलू लागते. हे शब्द त्या खोलीतले नाहीत. ते मुशायऱ्यातून आले आहेत आणि बाईच्या तोंडी बसत नाहीत. तिचा आवाज तिथे हरवतो. सात कवितांपैकी पाचांत हे झाले आहे. पहिल्या भागातल्या विड्या मोजण्याच्या कवितेशी शेजारी ठेवून वाचले तर कोणालाही दिसेल. तिला पटले नाही तर तिने आम्हाला पुन्हा लिहावे. पत्ता तोच आहे.